दुसऱ्या भागातला खोकला

तबकडी आली ती भंगारातून.
एमआयडीसीत परदेशी कंटेनर उघडला तेव्हा
गंजल्या स्प्रिंगांच्या ढिगात एक तडकलेली डबी.
वर एक नाव, मला धड उच्चारता येत नाही,
खाली: पियानो सोनाटा, तीन भाग, बावीस मिनिटं.

आमच्या मंडळात नऊ जण.
महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, जुन्या जालन्यात,
झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
आम्ही ऐकतो. ठुमरी, कव्वाली, एखादं भारूड.
यावेळी मी म्हणालो, हे लावू.
कुणी नको म्हणालं नाही. चहा झाला होता.

पहिला सूर पडला तशी चनबसप्पांनी
पंखा बंद करायला लावला.
दुसरा पडायला इतका वेळ लागला
की दैवशाला उठून बघून आली, वायर निघाली का.
मग एकदम
पत्र्यावर हरभऱ्याचं पोतं उसवावं तसं झालं.
"काहून मारायलाय ह्यो त्याला?" ती म्हणाली,
आणि पदर तोंडाला लावून हसली,
पण बाहेर गेली नाही.

शमशुद्दीनभाई, पन्नास वर्षं पेटी दुरुस्त करणारे,
डावा कान पुढे करून:
"साज एकदम बराबर है. सुरां मिले हुए हैं.
चुकता नै उने. चुकाराय."

सोळुंके वजनकाट्यावर असतात, त्यांनी मोजलं.
खालचा एकच सूर एकशे चौदा वेळा.
"कशाला?" मी विचारलं.
"मोजायला लागतंच की. दुसरं काय धरायचं यात?"

सुवार्ताबाई खरात म्हणाल्या,
आमच्या चर्चमध्ये होता एक.
उंदरांनी आत पिल्लं घातली, सात पट्ट्या मुक्या झाल्या.
तरी नाताळला मडमबाई तोच वाजवायच्या,
आणि मुक्या पट्ट्यांची अक्षरं आम्ही मनात म्हणायचो.
"याच्या सगळ्या पट्ट्या बोलतात," त्या म्हणाल्या,
"पण मनात म्हणावं लागतंच."

वाकळे भट्टीवर क्रेन चालवतो. तो भिंतीला टेकून होता.
दोन वर्षांमागं एक सांगाडा आला होता, त्यानं सांगितलं,
बिडाचा, पंखासारखा, तारा लोंबत होत्या.
चुंबकानं उचलला तर सगळ्या तारा एकदम
झंकारल्या, एवढ्या आवाजात मला वर केबिनमध्ये ऐकू आल्या.
"मग?"
"मग काय. सोडला भट्टीत."
सोळुंक्यांनी नकळत वर स्लॅबकडे बघितलं.

या बोलण्यात पहिला भाग संपून गेला,
कुणाला कळलं नाही.

दुसऱ्या भागात जवळजवळ काही नव्हतं.
एक जड स्वरपुंज, आणि तो विरेपर्यंत थांबणारा माणूस.
खाली रिक्षा गेली. तो थांबलेलाच.
आणि तेवढ्यात, तिकडे, त्या देशातल्या अंधारात
कुणीतरी खोकलं.
दाबून, रुमालात, बायकोनं डोळे वटारल्यावर खोकतात तसं.

खोलीतल्या सगळ्यांचे खांदे सैल झाले.
"आला बिचारा," दैवशाला म्हणाली.
तिथून पुढे आम्ही त्याच्यासोबत ऐकलं.
तिसऱ्या भागात हात पळत सुटले तेव्हा
शमशुद्दीनभाईंची बोटं मांडीवर चुळबुळली,
आणि सोळुंक्यांचं मोजणं चुकलं.

टाळ्या झाल्या, तिकडच्या. आम्ही वाजवल्या नाहीत.
पुढच्या वेळी कव्वाली ठेवा, असं ठरलं.

चनबसप्पा संध्याकाळभर एक शब्द बोलले नव्हते.
कुंडलिकेच्या पुलावर, खाली प्लास्टिक आणि जलपर्णी,
लांब भट्ट्यांचा तांबडा उजेड,
तिथं उभं राहून म्हणाले:
"त्या माणसाला दमा असणार.
तिसऱ्या भागात तो खोकला का हो परत?"

मी घरी येऊन हेडफोन लावले.
एक वाजला असेल. दोनदा ऐकलं.
खोकला नाही. फक्त शेवटच्या सुराच्या जरा आधी
खुर्ची करकरते.
उठून गेला असेल कुणी.
किंवा वाजवणाराच
थोडा पुढे सरकला असेल.
चनबसप्पांना काय सांगायचं, ते अजून ठरत नाही.